तुम्ही देता तेवढे

आंघोळीचं पाणी गॅसवर चढवून हिमेना लॅपटॉपकडे वळली ती नुसती एक नजर टाकायला, आणि त्या एका नजरेतच तिला तो हिरवा बाण दिसला. युरानीच्या नावापुढे तो वर तोंड करून उभा होता, आणि त्याच्याशेजारी संस्थेच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मने आपल्या मनानेच कौतुक लिहून ठेवलं होतं : आत्मजाणिवेत उल्लेखनीय सुधारणा. वर्गातल्या सगळ्या मुलींत पहिली. खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. पाळणाघरात काम करायला मुली तयार करणाऱ्या त्या छोट्या संस्थेत हिमेना गेल्या वर्षापासून शिकवत होती, आणि मुलींनी स्वतःचं काम स्वतः तपासावं हा हट्ट तिचाच होता. बाहुलीला दूध पाजायचं, लंगोट बदलायचा, आंघोळ घालायची; घरी मोबाइलवर व्हिडिओ काढून चढवायचा; मग निकष वाचून स्वतःला एक ते पाचमध्ये गुण द्यायचे आणि खालच्या चौकटीत कारण लिहायचं. सबंध सत्र तिने हे मांडलं होतं, मुदती घातल्या होत्या, कोणी भरलं कोणी नाही ते राखलं होतं. आणि आता आलेख सांगत होता की ते साधलं. पहिल्या कामाच्या वेळी मुलींचे गुण एकीकडे आणि तिचे एकीकडे अशा दोन रेघा लांब लांब होत्या. तिसऱ्या कामाशी येईपर्यंत त्या अगदी चिकटल्या होत्या. समन्वयक वाल्तेरचा संदेशही येऊन पडला होता : ‘तुमची ती गप्प बसणारी मुलगी बघितलीत का? पहिली आली! सोमवारी मीटिंगमध्ये दाखवतो.’ हिमेनाने तो वाचला, आणि घासात खडा यावा तसं काहीतरी दाताखाली आलं. युरानी आणि पहिली. तिने आठवून पाहिलं. युरानीचा चेहराही नीट आठवेना. शेवटच्या बाकावर, निळा स्वेटर, केसांना घट्ट चिमटा. बस्स.

“पाणी उकळतंय,” मागून तिच्या सासूबाई, दोन्या ओफेलिया, म्हणाल्या. “की अंडी शिजवायचीत?”

हिमेनाने गॅस बंद केला. सासूबाई अब्रिलला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. बाहेर धुकं रस्त्यावरून चढत चढत खिडकीशी येऊन बसलं होतं, समोरचं घरही पुसून गेलं होतं. ज्वालामुखीकडून वारा आला की येतो तो काड्यापेटीसारखा वास सकाळपासून घरात होता. “निवायला ठेवते,” हिमेना म्हणाली, आणि नेहमीप्रमाणे बोलल्यावर लगेच तिने सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ही सवय तिला ठाऊक होती. अब्रिलला भूक लागली असेल असं ती म्हणायची, आणि बघायची. अब्रिलला सर्दी नाही असं म्हणायची, आणि बघायची. त्या चेहऱ्यावर डावी भुवई होती. ती जागेवर राहिली तर बरोबर, किंचित वर गेली तर चूक. अब्रिल झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत त्या बाईने एकदाही आवाज चढवला नव्हता. नातीलासुद्धा त्या जुन्या रीतीने अहो-जाहो करत. “तुम्हाला थंडी वाजते का हो बाईसाहेब?” त्या आता अब्रिलला विचारत होत्या. “तुमच्या आईला सांगा, शनिवार आहे म्हणावं. शनिवारी तरी मिटवा तो डबा.”

“एवढं बघते आणि मिटवते.”

“बघा. आम्ही काय, आम्ही अडाणी. आम्ही पाच पोरं वाढवली, कोणी मार्क दिले नाहीत.”

त्या गेल्या. गॅलरीतून अब्रिलशी बोलण्याचा त्यांचा आवाज येत राहिला. हिमेना पडद्याकडे बघत राहिली, पण डोळ्यांपुढे आला तो दुसराच वर्ग, ओल्या लाकडाचा वास येणारा, वरच्या गावातला, जिथे ती शिकली. सत्राच्या शेवटच्या दिवशी सिस्टर वही न उघडता खुर्चीत बसायच्या आणि एकेकीचं नाव घ्यायच्या. जिचं नाव आलं तिने उभं राहून स्वतःचे गुण मोठ्याने सांगायचे. अजूनही सगळीकडे असंच चालतं, आणि सगळ्या मुली सांगतात पाच, आणि मागून हुर्रेचा ओरडा होतो. हिमेना तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. तिने त्या वर्षी नकाशे मनापासून काढले होते. नद्यांना निळी शाई मिळाली नाही तेव्हा आईची कपड्यांची नीळ कालवली होती. उभी राहून ती म्हणाली, “साडेचार.” सिस्टरनी नुसतं वर पाहिलं, आणि विचारलं, “नक्की?” आणि हिमेनाच्या तोंडून आपोआप आलं, “चार.” सिस्टर बघतच होत्या. “साडेतीन,” हिमेना म्हणाली, आणि मग सिस्टरनी मान हलवली व पुढचं नाव घेतलं. गंमत ही की त्यांना काही म्हणायचं नसेलही. कदाचित त्यांना ऐकू आलं नसेल. पण तेव्हापासून आतमध्ये कुठेतरी तो लिलाव चालूच राहिला. कोणी नुसतं वर पाहिलं की ती आपली किंमत उतरवायची.

आणि म्हणूनच तिने हे सगळं प्लॅटफॉर्मवर नेलं होतं. तिथे कोणी खुर्चीत बसलेलं नसतं. मुलीने आपल्या घरी, आपल्या खोलीत, निकष वाचावेत आणि निवांत लिहावं. पण पहिल्या आठवड्यात मुलींनी जवळजवळ सरसकट पाच भरले, वाल्तेर हसला, “झालं तुमचं स्वमूल्यमापन?” म्हणाला, आणि हिमेनाने सेटिंगमध्ये जाऊन एक नियम घातला. मुलीचे गुण आणि शिक्षिकेचे गुण यांत अर्ध्या गुणाहून जास्त फरक पडला, तर जितका फरक तितके कापायचे. दोन्ही आकडे मुलीला शेजारी शेजारी दिसायचे, म्हणजे तिला कळेल कुठे चुकलं. किती सोपं होतं ते. एक चौकट, एक टिचकी. तेव्हा तिला वाटलं होतं आपण शिस्त घातली. आता त्या चिकटलेल्या रेघांकडे बघताना तिला कळलं. तिने प्लॅटफॉर्मला भुवई बसवली होती.

तिने युरानीच्या नावावर टिचकी मारली. पहिलं काम, दूध पाजणं : युरानीचे स्वतःला साडेचार, हिमेनाचे तिला तीन. फरक दीड, कापून उरले दीड. कारणाच्या चौकटीत युरानीने भरभरून लिहिलं होतं, की बाटली मनगटावर तपासली, डोकं कोपराच्या खोबणीत घेतलं, मध्ये थांबून ढेकर काढली, आणि ‘मला वाटतं मला हे जमतं, कारण मी माझ्या भावाला असंच वाढवलं’. दुसरं काम, लंगोट : युरानीचे तीन, हिमेनाचे तीन. कारण : ‘ठीक केलं.’ तिसरं काम, आंघोळ. याच कामाच्या गुणांवर सोमवारी यादी जाणार होती. साडेतीनच्या वर ज्या असतील त्यांना पाळणाघरात प्रत्यक्ष कामाला घेणार, बाकीच्यांनी पुढच्या वर्षी बघायचं. युरानीचे तीन, हिमेनाचे तीन. फरक शून्य. हिरवा बाण. कारणाच्या चौकटीत तीन शब्द होते : ‘तुम्ही देता तेवढे.’

हिमेनाने व्हिडिओच्या चित्राकडे पाहिलं. त्याच्या कोपऱ्यात करडी खूण होती, शिक्षिकेने उघडलेला नाही अशी. तिला काय झालं होतं ते एकदम आठवलं, आणि आठवू नये म्हणून ती उठून उगीचच पाण्यात बोट बुडवून आली. दूध पाजण्याची कामं आली त्या आठवड्यात अब्रिलच्या छातीत कफ झाला होता. दवाखान्यात वाफेचा मुखवटा तिच्या तोंडावर धरून एका हाताने मोबाइलवर तिने गुण भरले होते. यादीत शेवटी शेवटी जी नावं उरली त्यांना तिने तीन घातले, तात्पुरते, नंतर बघून बदलू म्हणून. तीन म्हणजे पास. तीनवर कोणी तक्रार करत नाही. मग लंगोटाच्या वेळी तिने युरानीचा व्हिडिओ लावला, थोडा पळवला, आणि मागचे तीन होते म्हणून तीनच दिले. आणि आंघोळीच्या वेळी ही तर तीनची मुलगी, एवढं तिला ठाऊकच होतं. इतक्या सहज. कोणी रागाने नाही, कोणी ठरवून नाही. एखादी मुलगी तीनची होते ती अशी.

तिने व्हिडिओ लावला. एक अरुंद स्वयंपाकघर, मागे भिंतीवर टांगलेली पातेली, बाहेरून कोणाच्या तरी रेडिओचा आवाज. निळा स्वेटर बाह्या सारून. युरानीने कोपर पाण्यात घातलं, थांबली, थोडं गार पाणी ओतलं, पुन्हा कोपर. मग बाहुली उचलली, आणि हिमेना पुढे झुकली. इतर मुली बाहुली उचलायच्या ती बाहुलीच. युरानीने आधी तिच्याशी बोलून घेतलं. “आता पाय भिजणार हं,” ती हळूच म्हणाली, आणि पाय भिजवले. जगावेगळं काही नव्हतं त्यात. निकषांत होतं तेच एकामागून एक होत होतं, हात मानेखाली, बोटं बगलेत, डोळे आधी, साबण नंतर. चांगलं काम होतं. साडेचारचं चांगलं, सरळ काम. हिमेना शेवटपर्यंत बघत राहिली, आणि संपल्यावर पडद्यावर तिचाच चेहरा पुसट दिसला.

तिने फोन लावला. विचार केला असता तर लावला नसता.

“हॅलो, प्रोफे?” संस्थेत शिक्षिकेला सगळे प्रोफेच म्हणत. मागे बाजाराचा गलका होता. “काही राहिलं का भरायचं? मी सगळं भरलंय.”

“नाही गं, राहिलं काही नाही. कुठे आहेस?”

“आत्याच्या दुकानात. मोबाइलची कव्हरं विकते. सोमवारपासून इथेच यायचंय, म्हणून आज शिकवतायत.”

“सोमवारपासून? आणि कोर्स?”

“यादीत तर नाव नाही ना लागणार,” युरानी म्हणाली, जणू हवा कशी आहे ते सांगावं. “आत्या म्हणते, उगीच बसचं भाडं कशाला घालवतेस.”

“युरानी, आंघोळीला तू स्वतःला तीन का दिलेस?”

“बरोबर आले ना पण? हिरवं दाखवतंय.”

“हिरवं सोड. का दिलेस?”

कोणीतरी गुलाबी कव्हर आहे का विचारत होतं. “पहिल्यांदा मनाचे दिले तर अर्धे राहिले, प्रोफे. मग कळलं, तुम्ही मला तीन देता. म्हणून तीन. सगळ्याच तसं करतात. पाओला तर म्हणते, व्हिडिओ नीट करण्यापेक्षा प्रोफे काय देतील ते ओळखायचं.” ती हसली. मग हसणं थांबवून तिने विचारलं, “का? काय चुकलं त्यात?”

“मी तुझा व्हिडिओ बघितला.”

“आता?”

हिमेनाला म्हणता आलं असतं, पुन्हा बघितला. एकच शब्द. तिने खिडकीकडे पाहिलं. धुक्यात समोरच्या घराचा नुसता दिवा होता. “हो,” ती म्हणाली. “आज पहिल्यांदा. आधी न बघताच गुण दिले होते. दुधालाही तसेच. लंगोटाचा नुसता पळवला.”

रागाचा शब्द आला असता तर बरं झालं असतं. “बाळ आजारी होतं ना तुमचं,” युरानी अगदी समजूतदारपणे म्हणाली. “मग आता किती देता?”

“तू सांग. तुला काय वाटतं?”

“नको प्रोफे. तुम्हीच सांगा.”

“तू केलंयस ना ते. तुलाच माहीत.”

“होतं माहीत,” युरानी म्हणाली. “आता नाही कळत. खरंच. बघितलं तरी तीनच दिसतं.”

फोन ठेवल्यावर हिमेनाने घाईघाईने आपला आकडा बदलला. तीन खोडून साडेचार. खालची पट्टी क्षणभर फिरली आणि निकाल आला : शिक्षिका साडेचार, विद्यार्थिनी तीन, फरक दीड, अंतिम गुण तीन. हिरवा बाण गेला, त्या जागी लाल आला. आत्मजाणीव अपुरी. तिने पुन्हा वाचलं. मुलीने स्वतःला कमी मोजलं म्हणून तिचे गुण कमी. तीन आणि तीन. तिने आधी न बघता दिले तेव्हाही तीन, आता डोळ्यांत तेल घालून बघितलं तेव्हाही तीन. तिने घातलेला नियम आपलं काम चोख करत होता.

“पाणी गार झालं,” दोन्या ओफेलियांचा आवाज आला. “मुलीला भरवून घेऊ का आधी?”

“घ्या. मी पुन्हा तापवते.”

“पुन्हा,” सासूबाई म्हणाल्या. नुसतं एवढंच.

वाल्तेरला तिने फोन केला तेव्हा तो आरेपा, मक्याची जाड भाकरी, खात होता, ते ऐकू येत होतं. “बोला, आमच्या पहिल्या नंबरच्या प्रोफे! शनिवारीही सुट्टी नाही?”

“वाल्तेर, तो आलेख दाखवू नका. तो नियम मी काढते आहे. गुण सगळ्यांचे बदलतील.”

“अहो थांबा, थांबा. नियम काढलात की सगळ्या पुन्हा पाच पाच ठोकतील. तुम्हीच म्हणाला होतात.”

“ठोकू देत. आत्ता त्या माझं मन ओळखतायत, स्वतःचं काम नाही. आणि माझं मनही तिथे नव्हतं. मी तिघी-चौघींचे व्हिडिओ न बघता गुण दिलेत.”

चावणं थांबलं. “हे तुम्ही मला सांगू नका,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “म्हणजे मी ऐकलं नाही असं समजू. पुढच्या सत्राचे करार पुढच्या महिन्यात आहेत, प्रोफे. घरी लहान मूल आहे तुमच्या.”

“म्हणूनच,” हिमेना म्हणाली, आणि म्हणूनच म्हणजे काय ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या डोळ्यांपुढे अब्रिल होती, नऊ-दहा वर्षांची, कुठल्याशा वर्गात उभी. “मी राहिलेले सगळे व्हिडिओ आज आणि उद्या बघते. सोमवारी यादी तुमच्या हातात असेल. युरानीला मी स्वतःचे गुण पुन्हा भरायला आज संध्याकाळपर्यंत उघडं करून देते.”

“आणि तिने पाच भरले तर?”

“तर कारण वाचीन.”

तिने नियमाची चौकट रिकामी केली. मग युरानीची मुदत उघडली. आपला आकडा तिला दिसू नये म्हणून झाकला. हे करताना तिला वाटलं, कोणाच्या तरी डोळ्यांवर आपण अलगद हात ठेवतो आहोत; मग वाटलं, नाही, आपल्याच. तिने संदेश लिहिला : ‘व्हिडिओ पुन्हा बघ. मी काय दिले ते विसर. जे दिसेल ते लिही.’ विसर म्हटल्याने कोणी विसरतं का, हेही तिला ठाऊक होतं.

युरानीच्या नावाशेजारी हिरवा ठिपका लागला. ती आली होती. हिमेना त्या ठिपक्याकडे बघत बसली, तापमापकातल्या पाऱ्याकडे बघावं तशी. बघणं हेच तर सध्या तिचं आयुष्य होतं. झोपलेल्या अब्रिलची छाती हलते का ते बघणं, तिच्या वजनाचा ठिपका दवाखान्यातल्या तक्त्यावर कुठल्या रेघेत बसतो ते बघणं, त्या ठिपक्याकडे बघणाऱ्या नर्सच्या तोंडाकडे बघणं. इतकं बघूनही, अब्रिल आत्ता काय खाते आहे, हसते आहे की कंटाळली आहे, हे पलीकडच्या खोलीत दुसरंच कोणी बघत होतं. ठिपका विझला. पुन्हा लागला. चौकट रिकामीच. गिऱ्हाईक आलं असेल, आत्याने हाक मारली असेल. किंवा ती तीन लिहून खोडत असेल. हिमेनाने लॅपटॉप मिटायला हात नेला, मागे घेतला. पाणी दुसऱ्यांदा कढत झालं, तिने गॅस बंद केला, टबमध्ये गार पाणी घातलं, मग कढत घातलं. धुकं हलकं झालं होतं आणि रस्त्याच्या चढावर कोणी ओली चादर झटकत होतं.

मग ठिपका विझला आणि चौकट भरलेली होती. चार पूर्णांक दोन.

हिमेनाने आकडा दोनदा वाचला. असा आकडा कोणी देत नाही. मुली पाच देतात, साडेचार देतात, कोणाकडे तरी बघून साडेतीन देतात. चार पूर्णांक दोन कोणाच्या भुवईतून येत नाही. खाली लिहिलं होतं : ‘पाणी बरोबर होतं. मान शेवटपर्यंत धरली. डोळे आधी धुतले, साबण डोळ्यांत गेला नाही. तिच्याशी बोलले, ते निकषात नाही पण मला चांगलं वाटलं. आठ दशांश कापले, कारण टॉवेल लांब खुर्चीवर ठेवला होता. तो घेताना माझा एक हात सुटला. बाहुली होती म्हणून चाललं.’

हिमेनाने व्हिडिओ शेवटाकडे नेला. बाहुली पाण्यात, युरानी बाजूला वळते, हात लांबवते, खुर्ची दिसत नाही, आणि हो, मानेखालचा हात तेवढा राहतो आणि बगलेतला सुटतो. बाहुली जराशी तिरपी होते, टबाच्या कडेला टेकते. पापणी लवावी इतका वेळ. हिमेनाने मघाशी डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं, आणि तिला ते दिसलं नव्हतं. तिने आपल्या साडेचारांकडे पाहिलं, आणि ते तसेच राहू दिले. युरानीला यादीत जायला त्यांची गरजही उरली नव्हती. तिने नाव यादीत टाकलं आणि लॅपटॉप मिटला.

“आणा तिला,” तिने हाक मारली.

दोन्या ओफेलियांनी अब्रिलला आणलं आणि दारातच उभ्या राहिल्या, नेहमीसारख्या, चौकटीला खांदा लावून. हिमेनाने बाही सारून कोपर पाण्यात घातलं. ठीक होतं. तिने वर पाहिलं नाही. “आता पाय भिजणार हं,” ती म्हणाली, आणि अब्रिलने पाय आखडले, मग पाणी ओळखीचं वाटून सोडले. मान तळव्यावर, बोटं बगलेत. ओलं, निसटतं, कढत-गार असं ते जिवंत वजन हातात आलं, आणि त्याचे किती गुण ते हिमेनाच्या मनात आलंच नाही. डोळे आधी, मग गाल, मग मानेच्या वळ्या. दारातून काही शब्द आला नाही. भुवई वर गेली असेल, नसेल. अब्रिलने पाण्यावर थाप मारली आणि हिमेनाचा चष्मा भिजला.

टॉवेल खिडकीजवळच्या खुर्चीवर होता. रोज तिथेच असायचा. रोज ती एक हात लांबवून तो ओढून घ्यायची, आणि रोज ते निभावून जायचं. हिमेनाचा खांदा सवयीने तिकडे वळला, आणि थांबला. दोन्ही हात जिथे होते तिथेच राहिले.

“आई,” ती अब्रिलवरची नजर न काढता म्हणाली, “तेवढा टॉवेल देता का?”

दाराशी क्षणभर काही हललं नाही. मग सपाता फरशीवर घासत आल्या.